चार मागे, एक पुढे

रकाना १. वाहनाचा प्रकार :

ट्रॅक्टर.

सुनेनं पेन्सिलीनं लिहिलं आणि मान वर करून अंगणात पाहिलं. विटांच्या चार ढिगांवर दोन लांब लोखंडी चॅनेल आडवे पडले होते. त्यांच्या मधल्या सावलीत मांजर झोपलं होतं. बाकी काही नव्हतं. तिनं 'ट्रॅक्टर'पुढे कंसात 'होईल' असं लिहिलं. मग तेवढंच खोडलं.

"आधी पाळणा टांगा," सासूबाई सुपात दाणे पाखडत म्हणाल्या. "पोर होईल सावकाश."

"आज नोंद केली की साहेब वीस दिवसांनी तपासायला येतात, आई; अर्ज आपल्याकडेच राहतो, रकाने तोवर भरायचे. गाडी झाल्यावर नोंद केली तर वाफसा निघून जाईल."

वाफशाचं गणित घरात सगळ्यांना पाठ होतं. पाटाला पाणी सुटायचं ते नोंदीपासून बाराव्या दिवशी. रान भिजलं की आठ दिवस काही करता येत नाही, पाय घातला तर घोट्यापर्यंत जातो. मग एका सकाळी माती मुठीत वळते आणि बोट लावलं की फुटते. तो वाफसा. दोन दिवस राहतो, फार तर तीन. मग दगड.

शेत हमरस्त्यापलीकडे, घरापासून पाच किलोमीटर. वाटेत नाका. बिनकागदाची गाडी नाक्यावर अडकली की तिथेच राहते. तशा दोन गाड्यांच्या खिडक्यांतून आता झुडपं बाहेर आली होती.

दरवर्षी रान मालकांचा ट्रॅक्टर नांगरायचा. कशाचे मालक हे कोणी विचारत नसे. आसपास ट्रॅक्टर तेवढा एकच, म्हणून मालक. आणि तो ट्रॅक्टर चालवायचा सुनेचा नवरा. सहा वर्षं. मागच्या हंगामात तो चिखलाच्या पायांनी मालकांच्या पडवीत शिरला. पाहुणे बसले होते. मालकांनी त्याला ती पडवी त्याच्याच अंगातल्या शर्टानं पुसायला लावली. त्यानं पुसली. कोपरेसुद्धा पुसले. शर्टाची घडी घातली, घडीवर किल्ली ठेवली आणि उघड्या अंगानं घरी आला.

यंदा मालकांचा निरोप आला. रान नांगरून देतो, पण त्यानं येऊन किल्ली माझ्या हातून मागून न्यायची. शर्ट धुऊन ठेवलाय म्हणावं.

"मागतो," नवरा जेवताना म्हणाला. "एका मिनिटाचं तर काम आहे." पण पुढचा घास काही त्यानं उचलला नाही.

तेव्हा सासरे बोलले. अडतीस वर्षं हमरस्त्यावर बस, ट्रक, टेम्पो दुरुस्त केलेले मिस्त्री. तीन वर्षांपासून त्यांची नजर विझत चालली होती. आता त्यांना दारात माणूस उभा आहे एवढं कळायचं, कोण ते आवाजावरून.

"मागू नकोस," ते म्हणाले. "आपण एक करू."

"काय करू?"

"ट्रॅक्टर."

सासूबाईंनी सासऱ्यांच्या ताटातली वाटी पुन्हा भरली. "डोळ्यांबरोबर डोकंही गेलं," त्या म्हणाल्या, पण वाटी काठोकाठ भरली.

 

रकाना ४. सुट्या भागांचे मूळ वाहन (प्रत्येक भागाची पावती जोडावी) :

इंजिन – पावाच्या कारखान्याची व्हॅन. (हवेच्या फिल्टरमध्ये अजून पीठ होतं. मिस्त्रींनी चिमूट नाकाशी नेली आणि म्हणाले, चांगलं सांभाळलंय.)

पहिला गिअरबॉक्स – त्याच व्हॅनचा.

दुसरा गिअरबॉक्स – जीप. कोणाची ते भंगारवाल्याला आठवत नाही. "फार मारामाऱ्या पाहिलेली दिसते," एवढंच तो म्हणाला.

मागचा ॲक्सल – छोटा माल ट्रक.

मागची चाकं – मोठा ट्रक.

पुढची चाकं – मोटार.

स्टिअरिंग – तीच मोटार. (मधोमध कोणीतरी चिकटवलेली टिकली. सून काढायला गेली, मग राहू दिली.)

सीट – बसच्या ड्रायव्हरची.

भंगारवाल्याच्या आवारात मिस्त्री पुढे आणि सून मागे, असे दोघं तीन दिवस फिरले. ते हातोडीनं पत्र्यावर टकटक करत आणि कान लावत. "हा ऐक. आणि आता हा." तिला आधी दोन्ही सारखेच वाटले. तिसऱ्या दिवशी तिला कळलं की तडकलेलं लोखंड टकटकीला उत्तर देत नाही, नुसतं ऐकून घेतं.

ती माहेरी गेट-ग्रिलच्या कारखान्यात वाढलेली. लग्नात आईनं पेटीत साड्या भरल्या आणि बापानं साड्यांखाली वेल्डिंगची काळी काच ठेवली. चार वर्षं ती काच तशीच होती.

"मामा, गिअरबॉक्स दोन कशाला?" सासऱ्यांना ती मामा म्हणायची.

"एकामागे एक लावायचे. व्हॅन पाव घेऊन पळायची. नांगर घेऊन पळता येतं का? पहिला वेग मारतो, दुसरा उरलेला मारतो. वेग मेला की जोर वाढतो."

"आणि जोर येतो कुठून?"

"वेगातूनच. फुकट काय येतंय, पोरी?"

त्या संध्याकाळी सायकल उलटी करून ती पायडल फिरवत बराच वेळ बसली होती. सासूबाईंनी दोनदा हाक मारली.

 

रकाना ५. सांगाड्याची जोडणी :

ती वेल्डिंग करायची, नवरा धरायचा, मिस्त्री गार झालेल्या सांध्यावरून अंगठा फिरवायचे. जिथे अंगठा थांबला तिथे पुन्हा रॉड चालवायचा. ठिणग्यांनी तिच्या मनगटावर तीळ पडले. नवरा दिवसभर वाकलेला, रात्री कंबर शेकून घ्यायचा. पण त्याच्या बोलण्यात आता 'मागतो' हा शब्द नव्हता.

बाराव्या दिवशी पाटाला पाणी सुटलं. तेराव्या दिवशी ॲक्सलची पाळी आली.

ॲक्सल म्हणजे मागच्या दोन चाकांमधला जाड नळा, मधोमध भोपळ्यासारखा फुगलेला. त्या भोपळ्यात दाते असतात; पुढून येणारं फिरणं ते चाकांकडे वळवतात. मिस्त्रींनी ॲक्सल दोन्ही हातांनी चाचपला. माल ट्रकात त्याच्या स्प्रिंगा खालून बसवलेल्या होत्या, म्हणून लोखंडी बैठकाही खालच्या अंगाला. इथे स्प्रिंगा नव्हत्याच. सांगाडा थेट वर बसायचा होता.

"पालथा घाला," ते म्हणाले. "बैठका वर येऊ देत. आयत्या मिळाल्यात."

दोघांनी मिळून तो पालथा घातला. बैठका वर आल्या, सांगाडा त्यावर नेमका बसला. मिस्त्रींनी समाधानानं भोपळ्यावर थाप मारली. सुनेनं आठ ठिकाणी वेल्डिंग केलं, पक्कं, दुहेरी.

 

(याला रकाना नाही.)

पाण्याची टाकी फुटली.

त्याआधी शेजारणीच्या वाळत घातलेल्या दोन चादरी मागच्या चाकाखाली गेल्या.

त्याआधी नवरा ब्रेकवर उभाच राहिला, आणि ब्रेकला त्याचं म्हणणं जरा उशिरा कळलं.

त्याआधी पहिला गिअर टाकून क्लच सोडला तेव्हा ट्रॅक्टर मागे सुटला.

त्याआधी इंजिन एका किल्लीत चालू झालं आणि सगळ्या आळीनं टाळ्या वाजवल्या.

त्याआधी मालक मोटरसायकल उभी करून, एक पाय जमिनीवर टेकून म्हणाले, "दाखव रे, तुझ्या बापाची करामत बघू."

त्याआधी मिस्त्रींनी विचारलं, "पुढे कोणी नाही ना?"

 

"चादरी मी परत धुते, पण टाकीचं काय?"

"दुसरा टाकून बघ. दुसराही मागेच? वा!"

"चार मागे आणि एक पुढे. देणेकऱ्यासाठी बनवलाय काय, पळून जायला?"

"नांगर पुढे बांधा आणि तोंड मागे करून बसा."

"अरे, म्हाताऱ्याला दिसत नाही. त्याच्या हातात पाना द्यायचाच कशाला?"

शेवटचं मालक बोलले होते. जाताना त्यांनी नवऱ्याच्या खांद्यावर हात ठेवला. "शर्ट वाट बघतोय."

माणसं पांगल्यावर नवरा बापाकडे न बघता म्हणाला, "बाबा, तुमचा काही दोष नाही. डोळ्यांनी दगा दिला."

मिस्त्री गाडीखाली शिरले होते. भोपळ्यावरून, नळ्यावरून, बैठकांवरून त्यांचा हात फिरत होता. ते बोलले तेव्हा आवाज खालून आला.

"डोळ्यांना का शिव्या देतोस? डोळे असते तरी हेच केलं असतं. ॲक्सल पालथा घातला की चाकं उलटी फिरतात." ते बाहेर आले, पाठीला माती. "अडतीस वर्षं काढलं ते जागेवर बसवलं. जिथून काढलं तिथेच बसवायचं, मग उलटं-सुलटं बघायचं कशाला? इथे जागाच नव्हती. जागा आपण केली, आणि मी मात्र बसवतच राहिलो."

"मग काढून परत फिरवू," सून म्हणाली.

"तू वेल्डिंग वाईट केलं असतंस तर काढलं असतं." ते हसले नाहीत. "आठ सांधे कापायचे, सगळं वर टांगायचं. त्याला साखळी-कप्पी लागते. ती कोणाकडे आहे?"

मालकांकडे होती.

"त्या एका पुढच्यावरच नांगरू," नवरा म्हणाला.

"तो व्हॅनचा रिव्हर्स. दुकानासमोर गाडी लावण्यापुरता. त्याचे दात म्हणजे खडू. रानात घातलास की तासाभरात भुगा."

सतरावा दिवस होता. नवरा उठला, हातपाय धुतले आणि दोरीवरचा दुसरा शर्ट काढून अंगात घातला. मालकांचं घर पंधरा मिनिटांवर.

"उद्या जा," सून म्हणाली.

"उद्या काय होणार आहे?"

"माहीत नाही. मला एक बघायचंय. उद्या जा."

 

रकाना ७. गिअरची संख्या व दिशा :

रकाना लहान होता, म्हणून तिनं अर्जाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर रेघा मारल्या. तिला बघायचं होतं ते एवढंच, की नक्की काय काय उलटं आहे. सगळंच, की थोडं.

सकाळी त्यांनी मागची चाकं विटांवर उचलली. चाकावर खडूची खूण केली. नवरा पुढची पुली मोठ्या पान्यानं हळूहळू फिरवायचा, सून गिअरचे दांडे बदलायची, मिस्त्री टायरवर पंजा ठेवून बसले होते.

"पहिल्याचा पहिला, दुसऱ्याचा पहिला," ती ओरडायची.

"मागे," मिस्त्री म्हणायचे.

"पहिल्याचा दुसरा, दुसऱ्याचा पहिला."

"मागे."

"पहिल्याचा तिसरा."

"मागे. अगं, सगळे मागेच आहेत, आळीनं बघितलंय."

"सांगा हो तुम्ही. चौथा."

"मागे."

"रिव्हर्स."

"पुढे."

अशी एक ओळ झाली. मग तिनं दुसऱ्या गिअरबॉक्सचा दांडा दुसऱ्यात टाकला आणि पुन्हा तेच. मग तिसऱ्यात. ऊन चढलं. नवऱ्याचा तळहात सोलला गेला. मागे, मागे, मागे, मागे, पुढे. कागदावर 'मा'ची रांग लागली होती.

दुसऱ्या दांड्याला आता एकच जागा उरली. रिव्हर्स. तो कोणी कधी वापरणार नव्हतं. जीपबरोबर आला म्हणून होता. तिनं तो तिकडे ढकलला, कारण तक्त्यात ती ओळ रिकामी होती.

"पहिल्याचा पहिला."

मिस्त्रींनी पंजा उचलून पुन्हा टायरवर ठेवला.

"मामा?"

"परत फिरव," ते म्हणाले. नवऱ्यानं फिरवलं. टायर त्यांच्या पंजाखालून सरकला. "पुढचा घाल."

"दुसरा."

"पुढे."

"तिसरा."

"पुढे. थांब. चौथा घाल, घाल लवकर."

"घातला."

"पुढे!" ते टायर धरून उभे राहायला गेले आणि टायरबरोबरच झुकले. "काय केलंस तू?"

"दुसऱ्याला रिव्हर्समध्ये ठेवलं. ॲक्सल उलटं करतो, त्याच्या आधी याला उलटं करू दिलं."

"उलट्याचं उलट."

"चार पुढे, एक मागे."

उंबऱ्यावर सासूबाई धुतलेल्या उशीचा अभ्रा सुलट करत होत्या. "एवढ्यासाठी माझ्या पोराचा हात सोलला?" त्या म्हणाल्या. "हे तर अभ्र्यालाही कळतं."

नवऱ्यानं अंगातला शर्ट काढला आणि त्याला हात पुसले.

 

रकाना ८. दोष, असल्यास :

असल्यास नव्हे, होता. जीपचे दात जाड होते, भार सोसत होते. पण रिव्हर्स हा थोडा वेळ बसायला आलेला पाहुणा, त्याला मुक्कामी ठेवलं की तो उठून जायला बघतो. चढावर जोर पडला की दुसरा दांडा खाड्‌कन सुटून मधे यायचा आणि इंजिन नुसतंच ओरडायचं. ट्यूबच्या रबरानं बांधला, रबर ताणलं. तारेचा आकडा केला, आकडा अडकला आणि अर्धा तास दांडा कुठेच जाईना.

मग मिस्त्री मागच्या चाकावरच्या पत्र्यावर बसले, पाठमोरे, आणि दांडा हातात धरला. आळीच्या टोकाच्या चढावर गाडी चार वेळा वर नेली. चारही वेळा दांडा जागेवर राहिला.

"जोर लावून धरता का?" सुनेनं विचारलं.

"जोरानं नाही राहत. सुटायच्या आधी तो जरासा थरथरतो. तेव्हाच दाबायचा. आधी दाबला तर दात खातो, मग दाबला तर गेला."

तिनं धरून पाहिला. तिला सगळंच थरथरताना कळत होतं.

 

रकाना ११. आसनक्षमता :

एक.

एकविसाव्या दिवशी सकाळी सून रानात जाऊन आली. माती मुठीत वळली, बोट लावल्यावर फुटली. घरी पोचली तेव्हा तपासणी साहेब स्कूटर स्टँडवर लावत होते. पांढरा इस्त्रीचा शर्ट, खिशात दोन पेनं.

त्यांनी पावत्या एकेक करून भागांशी लावल्या. ब्रेक पाहिले, दिवे पाहिले, हॉर्न वाजवला. हॉर्न फारच सभ्य होता, मोटारीचा. मग म्हणाले, "चालवा."

नवरा सीटवर बसला. मिस्त्री पत्र्यावर, पाठमोरे.

"हे खाली उतरू देत," साहेब म्हणाले. "अर्जात आसनक्षमता एक आहे. ट्रॅक्टरवर दुसरा माणूस चालत नाही."

कोणी हललं नाही. नवऱ्यानं बायकोकडे पाहिलं.

"तो माणूस नाही, साहेब," सून म्हणाली. "तो पार्ट आहे."

"काय?"

"दुसऱ्या गिअरबॉक्सचा."

साहेबांनी तिच्याकडे पाहिलं, म्हाताऱ्याकडे पाहिलं. चष्मा काढला, पुसला. "पार्ट आहे तर पावती?"

"आहे की," सासूबाई दारातून म्हणाल्या. "लग्नाचा दाखला आणते."

साहेब हसले नाहीत. त्यांनी अर्ज उलटा केला, मागचा तक्ता दिसला. ते उभ्या उभ्या वाचत राहिले, बोट ओळीओळीवरून नेत. "हे कोणी केलं?" असं विचारलं, आणि उत्तर यायच्या आधीच गुडघ्यावर बसून गाडीखाली डोकावले. मग इस्त्रीचा शर्ट विसरून आत शिरले. आतून प्रश्न येत राहिले. हा ॲक्सल कुठला? पालथा का? मग हा दुसरा कायम उलटाच? तेल कुठून भरता? सून वाकून उत्तरं देत होती, आणि मधेच तीही आत गेली.

बाहेर आल्यावर साहेबांच्या पाठीवर गाडीखालच्या ग्रीसचा मोठा ठसा होता.

"मी धरतो दांडा," ते म्हणाले. "नियम असा आहे की कोणालाही चालवता आली पाहिजे."

ते पत्र्यावर बसले. चढाच्या अर्ध्यावर दांडा सुटला. पुन्हा खालून वर आले. पुन्हा सुटला. तिसऱ्या वेळी त्यांनी दोन्ही हातांनी, दात आवळून धरला, आणि आतून असा करकराट आला की मिस्त्री रस्त्याकडेला उभे राहून ओरडले, "अहो, पिळू नका! गाय आहे का ती?"

साहेब उतरले. मिस्त्री चढले. गाडी चढून गेली, वळली, खाली आली.

साहेब मोजपट्टीनं पत्र्याची रुंदी मोजत बसले. "इथे एक सीट पक्की करा. पाठ टेकायला दांडी. पट्टा. आत्ता, माझ्यासमोर." सुनेनं काच डोळ्यांपुढे धरली. पाऊण तासात जुन्या खुर्चीची बैठक पत्र्यावर बसली, पट्टा म्हणून बसचाच एक. साहेबांनी ओढून पाहिलं. मग पेन काढून रकाना अकरामधला 'एक' खोडला, वर 'दोन' लिहिलं आणि बाजूला सही केली. शेऱ्यात लिहिलं : फक्त दिवसा. फक्त या हंगामापुरते. दुसरे आसन चालू अवस्थेत रिकामे ठेवू नये.

"पुढच्या हंगामात पुन्हा दाखवायला आणा," ते म्हणाले. "मला बघायचंय ती कशी टिकते."

 

नाक्यावर कागद दाखवला, दांडी वर गेली.

मालकांचं घर नाक्यापलीकडे, चढावरच. नांगर मागे उचलून बांधलेला, सून नांगराच्या चौकटीपाशी चालत. मालक फाटकात उभे होते. हातात खरंच तो शर्ट होता, इस्त्री केलेला.

"अरे, हा घेऊन जा की!" त्यांनी हाक मारली.

नवऱ्याचा पाय पेडलवर जरा हलला, इंजिनाचा आवाज पडला, दांडा थरथरला. मिस्त्रींनी दाबला.

"पाय हलवू नकोस," ते मुलाला म्हणाले. मग जिथून आवाज आला होता तिकडे तोंड करून, मोठ्यानं, "ठेवा हो तुमच्याकडेच! पडवी रोज मळते!"

चढ संपला.

रानात नवऱ्यानं नांगर खाली सोडला. नांगराच्या रेघेचं पहिलं तास धरलं तेव्हा ऊन कलायला लागलं होतं. माती फाळावरून ओलसर, काळी उलटत गेली, आतली थंड हवा वर आली. मिस्त्री पाठमोरे बसलेले, तास त्यांच्या तोंडासमोर उलगडत होतं आणि त्यांना दिसत नव्हतं. त्यांनी नाकानं वास घेतला.

बांधाशी गाडी थांबली. इंजिन धडधडत राहिलं.

"सरळ गेलं का गं तास?" त्यांनी सुनेला विचारलं.

तिनं मागे पाहिलं. तास सापासारखं गेलं होतं. मधे एका ठिकाणी तर त्यानं विचार बदलून पुन्हा विचार बदलला होता.

"नाही, मामा. वाकडं आहे."

"किती?"

"बऱ्यापैकी."

त्यांचा हात दांड्यावरच होता.

"पण पुढे ना?"

"पुढेच."

"मग वळव," ते मुलाला म्हणाले.